परसाची बॅटरी

"ही परसाची बॅटरी व्हय? आँ? मालक, ही परसाची?"

हातकणंगल्याकडचा एक ऊसवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता. आवाज असा, की समोरच्या सायकलवाल्याकडं टांगलेल्या ट्यूबा आपोआप फुगाव्यात. हातात बॅटरी. कोल्हापुरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल म्हणतात, आणि हे ज्याला पटत नाही त्याला पावणं म्हणतात.

"रातच्याला पाणी पाजाय गेलतो. बांधाच्या पल्याड पाट हाय का न्हाय ते दिसंना! ढोपरापतुर आत गेलो. पाटाच्या जागी साप असता, तर माझ्या तेराव्याच्या जेवणाला आला असतासा तुमी! परसाची म्हणून दिलासा की वो!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मालक हसले नाहीत, आणि ओरडलेही नाहीत. हे भयंकर होतं. हा माणूस ढगांशी भांडणारा. एकदा वीज कडाडली तेव्हा रस्त्यात येऊन "कुणाला दावतोस रं?" म्हणालेला मी या कानांनी ऐकलाय. मालकांनी ती बॅटरी हातात घेतली, उलटीपालटी केली, बुडाशी स्वतःच खिळ्यानं कोरलेला 'प' बघितला आणि बॅटरी टेबलावर ठेवली. मी माडीच्या जिन्यावर चहाचा कप घेऊन उभा होतो. चहा पिणं विसरलो.

मालकांचा तो 'प' खोटा ठरणं म्हणजे काय, हे कळायला त्यांचं घर कळायला हवं.

मी त्यांचा भाडेकरू. नेसरीहून शाळामास्तर होऊन कोल्हापुरात आलो, तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पेठेतल्या त्यांच्या घरात माडीवरची एक खोली मिळाली. घर कसलं, बोगदा! रुंदीला बैलगाडी, लांबीला आगगाडी. पुढं रस्त्यावर दुकान, त्यामागं माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, त्यामागं परसू. सगळी दारं एका रेषेत. दुकानात शिंकलं की परसातलं मांजर दचकायचं. असल्या घराला लोक नावं ठेवतात. मालकांनी त्याची मोजपट्टी केली.

दुकानात फक्त बॅटऱ्या मिळायच्या. दुसरं काही मागितलं तर "ह्ये काय वाणसामानाचं दुकान हाय?" बॅटरी मागितली तरी लगेच मिळायची नाही. आधी मोजायची. दिवस मावळला की रस्त्याकडची सगळी दारंखिडक्या बंद, फटींना घोंगडी. दुकानाच्या तोंडाशी एक टेबल. टेबलावर एका टोकाला निरांजन, त्यापासून हातभर अंतरावर लाकडी चौकटीत ताणलेला पांढरा कागद, आणि त्या कागदाच्या मधोमध गोडेतेलाचा एक ठिपका. एवढीच प्रयोगशाळा. खर्च म्हणाल तर चहापेक्षा कमी.

आता गिऱ्हाइकानं स्वतः बॅटरी पेटवायची, झोत कागदावर धरायचा आणि पाठमोरं मागं मागं जात राहायचं. दुकानातून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात. मालक कागदापाशी उकिडवे बसून ठिपक्याकडं टक लावून बघत. बॅटरीचा उजेड जास्त असेल तर त्या बाजूनं ठिपका काळा दिसतो. निरांजनाचा जास्त असेल तर तोच ठिपका उजळतो. आणि दोन्हीकडचा उजेड बरोबरीला आला की ठिपका नाहीसाच होतो. तेल कुठं पडलं होतं ते सांगता येत नाही.

त्या क्षणी मालक बोंब ठोकायचे.

"मेलाऽऽ! ठिपका मेला! हलू नगोस, हाय तिथं थांब!"

या बोंबेनं पहिल्यांदा मी जिन्यावरून खाली पडलो. मला वाटलं शेजारी कुणी गेलं.

गिऱ्हाईक जिथं थांबलं, ती त्या बॅटरीची जात. दुकानातच ठिपका मेला तर 'उंबऱ्याची'. पुढं 'माजघराची'. बऱ्यापैकी असेल तर 'सैपाकघराची'. आणि जी बॅटरी हातात घेऊन माणूस पार मागच्या दारातून परसात निघून गेला तरच ठिपका मरतो, ती 'परसाची'. तिच्या बुडाशी 'प'. शेतकरी तीच मागायचा, कारण शेतीपंपाची वीज यायची रात्री आणि ऊस अंधारातच पाणी मागायचा. हा शब्द मालकांच्या हयातीतच पंचक्रोशीत पसरला. जयसिंगपूरच्या बाजारात कुणी तरी "परसाची हाय का?" विचारायचं आणि तिथला दुकानदार बिचारा मागं जाऊन स्वतःचं परसू बघून यायचा.

या सगळ्यात स्वयंपाकघर मधे येत होतं आणि स्वयंपाकघरात अक्का होत्या. मालकांची बायको. गडहिंग्लजच्याही पलीकडची, सीमेवरची. बोलणं मराठी, रागावणं कन्नड. ऐन भाकरीच्या वेळी अंधार करून अनोळखी माणूस पाठमोरा चुलीकडं येतोय म्हटल्यावर कुठल्याही बाईनं लाटणं उचललं असतं.

"पावणं, आमटीत पाय घालशीला! डावीकडनं जावा!" मग आतल्या दिशेनं, "साकु की वो आता!" साकु म्हणजे पुरे.

"अगं, एकच पाऊल!"

"तुमच्या एका पावलात माझी भाकरी करपली!"

लाटण्यावरून आठवलं. मालकांची पहिली पद्धत लाटण्याचीच होती. भिंतीपुढं लाटणं उभं करायचं, एका बाजूला निरांजन, दुसरीकडं बॅटरी. भिंतीवर लाटण्याच्या दोन सावल्या पडतात. दोन्ही सारख्या काळ्या झाल्या की उजेड सारखा. पद्धत उत्तम, पण चपातीच्या दिवशी लाटणं भिंतीपुढं आणि कणीक परातीत अशी वेळ यायला लागली. अक्कांनी लाटणं जप्त केलं. त्या रागात मालकांनी हातातली पुरी कागदावर आपटली, कागदाला तेल लागलं, आणि तेलकट डागातून उजेड पलीकडं येतो हे त्यांना दिसलं. ही गोष्ट ते दरवेळी वेगळी सांगायचे. कधी पुरी असायची, कधी भजी. मी दोन्ही खऱ्या मानतो.

पण खरी गंमत होती ती निरांजनाची. कुठल्याही उजेडाला मोजायला एक न बदलणारा उजेड लागतो. मालकांनी मेणबत्ती वापरून बघितली; "मेणबत्ती तोंड बघून जळती" म्हणून फेकली. विजेचा दिवा बघितला. आमच्या पेठेतली वीज दुपारी उपाशी आणि संध्याकाळी पोटभर. मग एका श्रावणात अक्का महादेवासाठी लाख वाती वळत बसल्या होत्या. पाटावर फुलवातींच्या रांगा. मालकांनी सहज दोन उचलल्या, पेटवल्या, कागदाच्या दोन बाजूंना ठेवल्या. ठिपका मेला. आणखी दोन. मेला. ढिगातल्या कुठल्याही दोन उचला, ठिपका मेलाच. त्या दिवशी मालक म्हणे पेठेतून नाचत महाद्वारापर्यंत गेले होते.

"मास्तर, सरकारचा किलो परदेशात काचंखाली ठेवलाय म्हणत्यात," ते मला सांगायचे. "माझा उजेड सैपाकघरात बसून वाती वळतोय."

रोज सकाळी अंघोळ झाली की अक्का भस्म लावून बसायच्या. कापूस, दुधाचं बोट आणि ते निरांजन. देवाच्या वाती आधी, मग दुकानाच्या. आणि वातींची वाटी दुकानात आणून ठेवताना गिऱ्हाइकांच्या समोर म्हणायच्या, "माझी वात हाय म्हणून तुमचं दुकान हाय."

"व्हय बाई, व्हय." आख्ख्या कोल्हापुरात एवढ्या एका वाक्याला मालक हळू आवाजात उत्तर द्यायचे.

बाकी त्यांच्या तऱ्हा सांगायला रात्र पुरणार नाही, म्हणून दुपारीच उरकतो. कुठलीही नवी बॅटरी पेटवल्या पेटवल्या मोजायची नाही. "नव्या सेलला नव्या जावयासारखा जोर आसतोय. जरा बसू दे, दम खाऊ दे, मग त्याचा खरा उजेड बघायचा." 'लख्ख' हा शब्द दुकानात बंद होता. कुणी "लख्ख पडतोय की वो" म्हणालं की "डोळा खोटं बोलतोय, ठिपका न्हाय" हे ऐकावंच लागायचं. सिनेमाला गेले तर पडद्याकडं बघून आजूबाजूच्यांना सांगायचे, "दिवा सैपाकघराचा हाय, पैशे परसाचे घेत्यात." माणसंही ते खोल्यांनी मोजायचे. गल्लीतला एक पुढारी 'उंबऱ्याचा' होता. माझ्याबद्दल एकदा म्हणाले, "तुमी माजघराचं, मास्तर. घासूनपुसून ठेवलं तर सैपाकघरापतुर जाशीला." मी आयुष्यात इतकं खरं प्रशस्तिपत्र मिळवलं नाही.

कोजागिरीला दूध आटत होतं तोवर त्यांनी परसात चौकट उभी करून चंद्र मोजला. अक्कांचं निरांजन पार विहिरीच्या कोपऱ्यात नेलं तेव्हा ठिपका मेला. मालक निराश झाले. "एवढ्या उंचावर जाऊन एवढाच उजेड? मी गिऱ्हाइकाला दिला नसता."

तर अशा माणसाचा 'प' खोटा निघाला होता.

त्याची सुरुवात त्या उन्हाळ्यात झाली. बॅटऱ्या अचानक सुधारल्या. उंबऱ्याच्या लायकीची पत्र्याची बॅटरी माजघरात जायला लागली. माजघराच्या बॅटऱ्या चुलीपाशी. आणि परसात तर इतकी गिऱ्हाइकं जायला लागली की तिथं अक्कांनी धुणं वाळत घालणं सोडलं. मालकांना आनंद मावेना. "माणसं सुधारली, मास्तर! कारखान्यात आता इमानदार माणसं बसल्यात." गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ले.

आणि मग तो हातकणंगल्याचा माणूस पाटात पडला.

मालकांनी त्याची बॅटरी बदलून दिली, त्याला चहा पाजला आणि दुकान बंद केलं. कागद बदलला. तेल बदललं. सेल बदलले. तूप घरचंच होतं, तरी दुसऱ्या म्हशीचं आणलं. ठिपका तिथंच मरत होता. शेवटी त्यांचा पुतण्या आला. तो इंजिनिअरिंगला होता. येताना थर्मोकोलचं एक खोकं घेऊन आला. आत शर्टाच्या बटणाएवढा एक तुकडा. उजेड जास्त पडला की तो विजेला जास्त वाट देतो, कमी पडला की अडवतो, आणि बाहेर जोडलेल्या मीटरवर काटा हलतो. तेही स्वस्तातलंच काम. घराण्यात होतंच ते.

देव्हाऱ्याखालच्या डब्यात मागच्या श्रावणातल्या काही वाती उरल्या होत्या. पोरानं त्यातली एक पेटवून खोक्यापुढं धरली. मग त्या सकाळची ताजी वात धरली. काटा बघितला. पुन्हा बघितला.

"काका, बॅटऱ्या हुत्या तितंच हायत," तो म्हणाला. "वात उतरलीया."

आत भाकरी थापल्याचा आवाज चालला होता. तो थांबला.

मी माजघराच्या दारात होतो, मला दोन्हीकडचं दिसत होतं. अक्का परातीपुढं बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि पदराखाली घेतले. पण पदरच हलायला लागला. बारीक, थांबून थांबून, वारा नसताना. तेव्हा कुठं मला कळलं की गेले कित्येक महिने अक्का कुणाच्या हातात कप देत नव्हत्या. खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या."

मालकांनी ते बघितलं. मग वळले आणि असे गरजले, की रंकाळ्यातल्या म्हशी काठावर आल्या असतील.

"भिकारड्या! हिच्या वातीला नावं ठेवतोस? त्ये खोकं आधी पंचगंगेत सोडून ये, मग त्वांड दाव! कालेजात जाऊन ह्येच शिकलास व्हय रं?"

पोरगं खोकं छातीशी धरून पळालं. आतून भाकरीची थाप पुन्हा सुरू झाली. पण ताल पूर्वीचा नव्हता.

चारआठ दिवसांनी शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारी घरी आलो. दुकानाचं दार नुसतं लोटलेलं. अक्का सोमवारच्या देवळाला गेल्या होत्या. आत अंधारात मालक आणि पुतण्या. टेबलावर निरांजन पेटलेलं आणि चौकटीच्या जागी पंचगंगेला मिळालेलं ते खोकं.

"मास्तर, दार लावा," मालक कुजबुजले. ते कुजबुजू शकतात हे मला माहीत नव्हतं. दार लावून मी उंदराच्या बिळापाशी मांजर बसावं तसा तिथंच बसलो.

पुतण्या काटा बघत होता आणि मालक खोकं केसाकेसानं निरांजनाकडं सरकवत होते. "आजून... आजून... बास." मग तिथं खडूची रेघ मारली, खोकं उचललं आणि कागदाची चौकट त्या रेघेवर आणून ठेवली. पहिल्या जागेपासून चारपाच बोटं पुढं.

"वात उतरली तर कागद जवळ न्ह्यायचा," त्यांनी मला समजावलं. "मग कागदावर उजेड पयल्यायेवढाच पडतोय. परसाची परसात जाती, माजघराची माजघरात. ह्यात खोटं काय हाय?"

"काही नाही. पण मालक, एवढं करण्यापेक्षा खोक्यानंच मोजा की. नाहीतर अक्कांना सांगा."

त्यांनी रेघ अंगठ्यानं पुसली.

"आन् उद्या सकाळी ती कशापायी उठायची, मास्तर?"

त्या पावसाळ्यात मालक एसटीनं गावोगाव हिंडले. उन्हाळ्यात दिलेल्या 'प'च्या बॅटऱ्या परत आणल्या, पुन्हा मोजल्या, बदलून दिल्या. कारण विचारलं तर "माझ्या डोळ्यात फूल पडलंवतं" असं सांगायचे. स्वतःच्या डोळ्याची बदनामी कोल्हापूर जिल्ह्याच्या सहा तालुक्यांत करून आले.

आणि सोमवार आला की अक्का देवळाला, खोकं बाहेर, चौकट पुढं. मी त्यानंतर जेवढी वर्षं तिथं राहिलो, तेवढी वर्षं हे चाललं. हातभराचं अंतर वीतभर झालं. वीतभराचं चार बोटं. शेवटी कागद निरांजनाच्या इतका जवळ गेला की त्याची कड तांबूस व्हायला लागली. वाटीतल्या वाती आता वाती राहिल्या नव्हत्या. पिंजलेल्या कापसाचे ते गोळे. एक जाड, एक केसासारखी. मालक त्यातली जरा बरी निवडायचे, पेटवायचे आणि स्वयंपाकघराला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आजची झकास लागलीया!"

मग गिऱ्हाईक पाठमोरं निघायचं, अक्का त्याला आमटी वाचवायला सांगायच्या, आणि दुकानातून बोंब यायची. "मेलाऽऽ! ठिपका मेला!"

"मरायचाच की," आतून उत्तर यायचं. "वात कुणाची हाय!"

पुढं माझी बदली झाली. कोल्हापूर सुटलं. सुटलं म्हणजे एसटीनं सोडलं. बाकी ते कुणाला सुटत नाही. दुसऱ्या गावात रात्री वीज गेली आणि मी बॅटरी पेटवली की पाय आपोआप मागं मागं जायचे. बायको विचारायची, "काय हो, कुठं चाललात?" काय सांगणार? या घरात मागं परसूच नव्हतं. गॅलरी होती. गॅलरीची बॅटरी म्हणजे काय बॅटरी!

दहाएक वर्षांनी एका लग्नाला कोल्हापूरला गेलो आणि अक्षता टाकून सरळ पेठेत आलो. अक्का जाऊन दोन वर्षं झाली होती. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कोण, मालक पत्र लिहिणाऱ्यातले नव्हते.

दुकानात नव्या पांढऱ्या उजेडाच्या बॅटऱ्या लोंबत होत्या. बारक्या, हलक्या, अंगावर मोठमोठे आकडे छापलेल्या. मालकांच्या हातात तळहाताएवढं एक मीटर. पुतण्यानं आणून दिलेलं. गिऱ्हाईक आलं, मालकांनी बॅटरी एका डब्याच्या तोंडाला लावली, मीटर बघितलं, "छापलंय त्याच्या निम्मा हाय, घेणार का?" म्हणाले, गिऱ्हाइकानं घेतली आणि ते गेलं. कुणी ओरडलं नाही. कुणी चाललं नाही. सगळी दारं सताड उघडी होती, आणि दुकानात उभं राहून पार परसातलं ऊन दिसत होतं. मधल्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. एवढा उजेड मी त्या घरात कधी बघितला नव्हता, आणि देवाशप्पथ, मला तो सोसला नाही.

"ठिपका?" मी विचारलं.

"ह्या नव्या उजेडात मरत न्हाय त्यो. एका अंगानं निळा पडतोय, एका अंगानं पिवळा." त्यांनी मीटर पुसून खिशात टाकलं. "ह्ये बरं पडतंय. लगीच हुतंय."

कोपऱ्यात ते टेबल होतं. वर बॅटऱ्यांची खोकी रचलेली. खोकी जरा बाजूला केली तर लाकडावर चौकटीच्या पायांचे वळ दिसले. एकापुढं एक, एकापुढं एक, निरांजनाच्या काळ्या गोल डागापर्यंत चालत आलेले. मी बोटानं ते चाचपत राहिलो. इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलं होतं, ते तेव्हा विचारलं.

"मालक, अक्कांना शेवटपर्यंत कळलं नाही ना? तुम्ही कागद सरकवत होता ते?"

ते एका बॅटरीत सेल घालत होते. झाकण फिरवून घट्ट केलं.

"टेबल रोज तीच पुसायची की," म्हणाले.